चिकाटी म्हणे!

कत्तिरी लागली. मे महिन्यातल्या या दिवसांना वर्तमानपत्रं अग्निनक्षत्र म्हणतात, पण चेन्नईतले लोक नुसतं 'कत्तिरी' म्हणतात आणि कपाळाचा घाम बोटाने निपटून टाकतात. सकाळी आठलाच अण्णा नगरमधल्या आमच्या गल्लीतली कुत्री गाड्यांखाली गेलेली असतात. नळाचं पाणी गरम येतं. कोपऱ्यावर ताडगोळेवाला टोपलीवर ओलं फडकं टाकून बसतो आणि गिऱ्हाइकाकडे बघायचंही टाळतो, कारण बघायला मान वर करावी लागते. लोक म्हणतात, दुपारी समुद्रावरून वारा येतो. काही दिवस येतो. बाकीच्या दिवशी तो बहुधा समुद्रावरच थांबतो.

मी मराठवाड्यातल्या परतूरचा. उन्हाचं मला काय कौतुक? पण आमच्याकडचं ऊन कोरडं, ते समोरून येऊन मारतं. इथलं ऊन अंगाला चिकटून बसतं आणि उठत नाही. मला ते आवडत नाही. इतकी वर्षं इथं काढून, इथलं मीठ खाऊनही आवडत नाही. आणि कत्तिरी आली की मला हमखास एक शब्द आठवतो, तोही मला आवडत नाही. चिकाटी.

दोन हजारच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, एग्मोरच्या एका जुन्या बंगल्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला लागलो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, तिथे चपला बाहेर काढून जायचं आणि मशीनवरचं फुलाफुलांचं कापड सरांनी उचललं की लांबून बघायचं. अशा मुलाला थेट चेन्नईत नोकरी मिळाली म्हणजे तो काय करणार? आभार मानणार. मी सगळ्यांचे मानले. गावच्या सरांचे, कॉलेजचे, आणि सगळ्यात जास्त आमच्या एमडींचे, ज्यांना ऑफिसात सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. महाराष्ट्रातले साखर कारखाने आणि जिनिंग आमचं मराठी सॉफ्टवेअर वापरत, त्यांचे फोन घ्यायला मराठी मुलगा हवा होता. सर मला इंग्रजीत म्हणाले होते, "मी मुद्दाम लहान गावातली मुलं घेतो. शहरातली पोरं टिकत नाहीत. तुमच्यात चिकाटी असते."

मी म्हणालो, "थँक यू सर." तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

त्या उन्हाळ्यात कंपनीला वीस वर्षं पूर्ण होत होती आणि मोठा समारंभ ठरला होता. बंगल्याच्या जिन्यात एकामागून एक फ्रेम लागल्या. जुन्या काळच्या परदेशी संगणकांची चित्रं, खोलीएवढी यंत्रं, वायरींच्या जाळ्यात उभी असलेली चष्मेवाली माणसं, आणि खाली संयमावरची, अपयशावरची, पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यावरची वाक्यं. दर सोमवारी सर पंधरा मिनिटं त्याच विषयावर बोलत. आम्ही उभं राहून ऐकायचो, कारण बसायच्या खोलीतला एसी बंद असे. वीज गेली की जनरेटरवर फक्त सर्व्हर रूमचा एसी चालायचा. यंत्राला गारवा, माणसांना संशोधकांची चरित्रं.

एकदा बोलणं संपल्यावर मागून एक बाईमाणूस अगदी स्पष्ट म्हणालं, "पोदुम रे देवा, किती ऐकावें हें!" पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे; बाकी सगळं मराठी. मी दचकून वळलो. तिथे मराठी बोलणारं माझ्याशिवाय कुणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या कमलाबाई. ऑफिसात 'कमला मॅडम', मी पुढे 'अक्का' म्हणू लागलो. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, केसांत सदा मोगऱ्याचा गजरा आणि कपाळावर सदा आठी. घराणं तंजावरचं. पूर्वज कधी काळी मराठी राज्याबरोबर खाली आले आणि मग तिथलेच झाले. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेलात झुलणारं. गणितात एम.एस्सी. होत्या आणि कुणाला हे विसरू देत नसत.

"कोठला तूं?"

"परतूर. जालना जिल्हा."

"तें कोठें आलें? असो. तूंही त्याचा भगत ना? दर सोमवारीं मान हालवितोस, पाहिलें मी. बैलपोळ्याचा बैल हालवितो तशी."

मला राग आला. मी म्हणालो, सरांनी मला नोकरी दिली. त्या म्हणाल्या, "दिली? तूं फुकट घेतलीस कीं काय? काम करीत नाहींस?"

आमची ओळख झाली ती अशी, भांडणातून. पुढेही ती फारशी गोड झाली नाही.

समारंभात कंपनीचं पहिलं संशोधन दाखवायचं ठरलं होतं, आणि ते तयार करायचं काम अक्कांकडे आणि मदतीला मी. हे संशोधन म्हणजे काय, ते सांगायला हवं. सुरुवातीच्या काळातल्या प्रिंटरच्या डोक्यात एकाखाली एक नऊ सुया असत. त्या शाईच्या फितीवर आपटून ठिपके उमटवायच्या, आणि ठिपक्यांचं अक्षर व्हायचं. इंग्रजी अक्षर नऊ ठिपक्यांच्या उंचीत आरामात बसतं. आपलं नाही. आपल्याला वर वेलांटी हवी, मात्रा हवी, खाली उकार हवा. नऊ ठिपक्यांत कोंबलं तर चिरडलेल्या मुंग्यांसारखं दिसतं. म्हणून सगळ्यांनी सांगितलं, देशी भाषा छापायच्या तर परदेशातून महागडा प्रिंटर आणा, नाहीतर इंग्रजीत भागवा.

अक्कांनी एक ओळ दोन फेऱ्यांत छापली. पहिल्या फेरीत सगळ्या अक्षरांचा वरचा अर्धा भाग. मग कागद पूर्ण ओळभर न सरकवता नऊ ठिपके एवढाच सरकवायचा, आणि दुसऱ्या फेरीत खालचा अर्धा भाग. दोन्ही भाग एकमेकांना भिडले की पूर्ण अक्षर. आज हे कुणालाही सुचेल असं वाटतं. सुचून झाल्यावर सगळंच तसं वाटतं. पण त्यासाठी तमिळ आणि देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर त्यांनी चौकटीच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्याने काढलं होतं आणि मधोमध कापलं होतं.

भिडले तरी केसाएवढी पांढरी फट राहायचीच. अक्कांनी मला पहिला नमुना छापून दाखवला तेव्हा ती फट बघून मी कागद डोळ्यांजवळ नेला. वडिलांच्या खिशातून निघणाऱ्या कापसाच्या वजनाच्या पावत्यांवर मी ती लहानपणापासून पाहिली होती. प्रत्येक अक्षराच्या पोटातून गेलेली बारीक रेघ. मला वाटायचं, मराठी छापलं की असंच दिसतं.

"ही तुमची?" मी विचारलं.

"मग काय तुझ्या एमडीची?" त्या म्हणाल्या.

तेच तर होतं. जिन्यातल्या शेवटच्या फ्रेममध्ये सरांचा तरुणपणीचा फोटो होता. त्यांनी पहिला भारतीय भाषांचा प्रिंटर प्रोग्रॅम 'घडवला', असं खाली लिहिलं होतं.

खरं काय झालं ते अक्का मला तुकड्या-तुकड्यांनी सांगत. बाहेर पाण्याच्या लॉरीमागे रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागलेली, बायकांची भांडणं खिडकीतून आत येतायत, आणि आम्ही दोघं सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात, तेवढीच एक गार जागा म्हणून, जुन्या मशीनसमोर. सुया कर्रर्र कर्रर्र करत जायच्या. मध्येच फीत अडकायची, अक्का ती पदराला न पुसता सरळ माझ्या रुमालाला पुसायच्या.

कंपनीत तेव्हा एकच मशीन होतं. सर विक्रीचं बघायचे. अक्का दोन फेऱ्यांचा नाद करतायत हे कळल्यावर त्यांनी सांगितलं, मशीनचा वेळ या खेळात घालवू नका. कामाच्या वेळात बंदी. मग अक्का जेवणाच्या सुट्टीत करू लागल्या. डबा मांडीवर, एसीच्या थंडीत पदर कानांवरून घेतलेला, चपला दाराबाहेर. काही आठवड्यांत होणारं काम तसं काही वर्षं चाललं. जमल्यावर सर तो छापलेला कागद घेऊन एका सरकारी खात्यात गेले, आणि परत आले ते स्वतः संशोधक होऊन.

मी तेव्हा पुस्तकं वाचून आलेला मुलगा. मी म्हणालो, "पण अक्का, काय चिकाटी तुमची!"

सुया थांबल्या. म्हणजे त्यांनी बटण दाबून थांबवल्या.

"चिकाटी नव्हे रे तें. राग होता मज. कामाच्या वेळीं मशीन दिलें असतें तर चिकाटी कशास लागली असती? ज्यानें दार लावलें तोच आतां म्हणतो, वा, काय छान ठोठावलें! आणि तूं टाळ्या पीट."

मला हे वाक्य पुरतं समजायला बरीच वर्षं लागली. आता मात्र समजलं आहे, आणि म्हणून सुरुवातीच्या संगणकांच्या, त्यांच्या शोधकर्त्यांच्या गोड गोष्टी मला ऐकवत नाहीत. गोष्टीत नेहमी एक माणूस असतो, एक खोली असते, अपयश असतं, मग यश. त्या माणसाला मशीन कुणी नाकारलं होतं, त्याचं नाव गोष्टीत नसतं. नाकारणारा असतो, पण टाळ्या वाजवणाऱ्यांत बसलेला. ज्यांच्या हातात किल्ली असते त्यांना चिकाटीचं फार कौतुक. आमच्या हल्लीच्या ऑफिसातही परवा नवीन मुलांसमोर कुणी पाहुणे त्यावर बोलून गेले. मुलं माना हलवत होती. माझ्या मानेला मी आवरून धरलं.

तर अक्कांना त्या समारंभात एकच गोष्ट हवी होती. बक्षीस नको, शाल नको. प्रोग्रॅम दाखवताना सरांनी मंचावरून म्हणायचं, हा कमलाने केला. एवढंच. मी सरांचं भाषण टाइप करत होतो, त्यात मी ते वाक्य घातलं. सरांनी ते काढलं. मी पुन्हा घातलं. तेव्हा सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

सर रागावले नाहीत. ते कधी रागवायचे नाहीत, त्याचाच मला त्या दिवशी पहिल्यांदा संताप आला. "कमला, अर्थात, अर्थात," ते म्हणाले. "पण मंचावर एकेक नाव घेत बसलं तर लांबतं. आपण 'टीम' म्हणू या."

"टीम?" अक्काही इंग्रजीतच म्हणाल्या. "तेव्हा टीममध्ये मी होते आणि एसी होता. एसीचंही नाव घ्या हवं तर."

सर हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू अजून प्रोबेशनवर आहेस ना? छान काम चाललंय तुझं." आवाजात इतकी माया होती की मला भीती वाटली. आणि तरी, खोटं कशाला बोलू, तोंडातून सवयीने "थँक यू सर" निघालंच. बाहेर आल्यावर अक्का मला म्हणाल्या, "कशासाठीं रे? धमकी चांगली दिली म्हणून?"

समारंभ एग्मोरमधल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये, सकाळी. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं आणि आत एसी इतका की पाहुण्यांनी हाताच्या घड्या घातलेल्या. मंचावर आमचं जुनं मशीन आणि प्रिंटर. त्यांना चंदन-कुंकू लावून झेंडूची माळ घातलेली. सेल्वम नावाचा माझा सहकारी कानात म्हणाला, "प्रिंटरला आपल्यापेक्षा जास्त मान आहे बघ." प्रमुख पाहुण्यांचं नाव प्रिंटरवर छापून त्यांना भेट द्यायचं, असा कार्यक्रम.

सर बोलले. चांगलं बोलले. जेवणाची सुट्टी, मांडीवरचा डबा, थंडीत कानांवरून घेतलेलं पांघरूण. सगळं होतं त्यात. अक्कांचं सगळं आयुष्य त्यांनी अंगात घातलं होतं आणि त्यांना ते मापात बसतही होतं. फक्त नाव नव्हतं. "आम्ही हरलो नाही," ते म्हणाले. टाळ्या. मग, "आणि आता आमच्या जुन्या सहकारी, चिकाटीचं जिवंत उदाहरण, कमला मॅडम प्रोग्रॅम चालवून दाखवतील."

अक्का उठल्या. मंचावर गेल्या. खुर्ची मागे ओढली. बसल्या नाहीत. माइककडे वळून, अगदी आदराने, तमिळमध्ये म्हणाल्या, "इतकं मोठं काम सरांनी केलं. चालवण्याचा मान मी कसा घेऊ? सरांनीच चालवावं."

हॉलमध्ये कौतुकाचा कल्लोळ झाला. लोकांना ती नम्रता वाटली. सर हसत हसत बसले, दुसरा मार्गच नव्हता. अक्का खाली येऊन पहिल्या रांगेत बसल्या आणि वेटरच्या ट्रेमधला ताकाचा पेला उचलून सावकाश पिऊ लागल्या.

प्रोग्रॅम सुरू होताना एक प्रश्न विचारतो, प्रिंटर कोणत्या प्रकारचा. उत्तर चुकलं की कागद सरकायचं माप चुकतं. अक्का सोडून ते फक्त मला माहीत होतं. सरांनी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सेल्वमच्या पाठीमागची भिंत बघू लागलो. सरांनी काहीतरी दाबलं.

सुया चालल्या. कर्रर्र. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये कागद नऊ ठिपक्यांऐवजी चांगला दोन बोटं सरकला. वरच्या ओळीत पाहुण्यांच्या नावाचे नुसते माथे, खाली बरीच जागा सोडून नुसते पाय. सरांनी कागद फाडला, क्षणभर बघितला. आणि तसाच उंच धरला.

हॉल टाळ्यांनी दणाणला. मागच्या रांगांना लांबून काय दिसणार? पण पुढच्यांनीही वाजवल्या. पाहुण्यांनी स्वतःच्या नावाचे ते दोन ढीग हातात घेतले, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "वंडरफुल."

मी अक्कांकडे पाहिलं. मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. पेला खुर्चीखाली ठेवून बाहेर निघाल्या. मी मागोमाग गेलो.

बस स्टॉपवर सावली म्हणून खांबाची एक काठी तेवढी पडली होती. आम्ही तिच्यात एकामागे एक उभे राहिलो. मी आनंदात होतो. बडबडत होतो. म्हणालो, "अक्का, आता तरी सरांना कळलं असेल, हे कुणाचं काम आहे ते."

त्या गर्रकन माझ्याकडे वळल्या.

"त्यास कधीं ठाऊक नव्हतें? पहिल्या दिवसापासोन ठाऊक आहे. तुज वाटतें, लोकांस समजत नाहीं म्हणून ते असें करतात. समजावून सांगितलें कीं सुधरतील. अय्यो, परतूरकरा! शाळेंत फार चांगल्या मास्तरांनीं शिकवलें तुज."

हे त्यांनी प्रेमाने म्हटलं नाही. माझ्यावर, हॉलवर, टाळ्यांवर, सगळ्यांवर त्या चिडल्या होत्या. ज्या एका वाक्यासाठी त्या थांबल्या होत्या ते आता कुणी कधी म्हणणार नव्हतं.

"तुम्ही उद्या येणार ना?" मी विचारलं.

"आतां कशास येऊं? तूं जाशील?"

घरी वडिलांनी नुकतंच जिनिंगचं काम सोडलं होतं. सगळ्या गावाला सांगितलं होतं, आता पोरगा आहे. हे अक्कांना माहीत होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "नोकरी सोडूं नको. माझ्यासाठीं तर मुळींच नको. पण एक कर. त्याचे आभार मानूं नको. येवढें होतें का पाहा."

बस आली. बसच्या पत्र्याला हात लावला तर भाजत होता, म्हणून त्यांनी पदर हाताला गुंडाळून दांडा धरला आणि चढल्या. कंपनीत त्या पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्या सोमवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समारंभाबद्दल अक्षर काढलं नाही. टेबलावरून एक कागद पुढे केला. प्रोबेशन संपल्याचा, नोकरी पक्की झाल्याचा. "मी मनात काही ठेवत नाही," ते म्हणाले. "तुझ्यासारख्या मुलांना संधी मिळायला हवी."

मी कागद धरला. त्यांनी आपलं टोक सोडलं नाही. ते वाट बघत होते, चेहऱ्यावर तीच माया. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, लहानपणापासून तयारच असतो. जीभ वर उचललीसुद्धा गेली होती. परतूर, शाळा, कापसाच्या काट्यावर वाकलेले वडील, सगळे मागून ढकलत होते, म्हण रे, म्हण. एसीचा आवाज तेवढा येत होता. मी दात मिटून घेतले. बराच वेळ आम्ही दोघं तो कागद दोन बाजूंनी धरून उभे होतो. मग त्यांची बोटं सुटली, आणि मी दार उघडून बाहेरच्या उकाड्यात आलो.